टक्केवारीवर वकील नेमू नका

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी टेम्पोच्या धडकेत माझा पाय मोडला. मी घरोघरी पोळ्या करायला जाते. तेव्हापासून काम बंद आहे. एक वकील म्हणतात, ‘आता फी नको, मिळेल त्यातले तीस टक्के द्या.’ काय करू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, अशा करारावर सही करू नका. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घेणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. हे पैसे तुमच्या मोडलेल्या हाडाचे आणि बुडालेल्या मजुरीचे आहेत.

स्त्री म्हणून, उत्पन्न कितीही असले तरी, तुम्हाला 1987 च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्या किंवा 15100 वर फोन करा.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो, त्यामुळे अपघात लांब झाला असला तरी हेलपाटे नकोत. मात्र 1 एप्रिल 2022 पासून मोटार वाहन कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. दोन गेलेच, म्हणून याच आठवड्यात निघा.

एफआयआर, पंचनामा, टेम्पोच्या विम्याची प्रत, दवाखान्याची बिले, एक्स-रे गोळा करा. पगारपत्रक नाही म्हणून अडू नका. ज्यांच्याकडे पोळ्या करता त्यांची साक्ष चालते. पाय पूर्ववत झाला नाही, तर सिव्हिल सर्जनकडून अपंगत्वाचा दाखला घ्या, भरपाईचा मोठा भाग त्यावर ठरतो. तोवर विमा कंपनीचा माणूस तडजोडीचा कागद घेऊन आला, तर तो आधी तुमच्या वकिलाला दाखवा.