पाठ : आपल्या गाण्यांचे वेष्टन आणि व्हिडिओ
(मोठ्या गटासाठी. पालकांनीही वाचावा.)

मुलांनो, या सत्रात तुमच्या गटाने सहा मराठी गाणी ध्वनिमुद्रित करायचे ठरविले आहे. गाणी बसली की काम संपले, असे पुष्कळांना वाटते. पण गाणे कोणाचे, कोणी गायले, कोणी वाजविले हे ऐकणाऱ्याला कळायला हवे. ते काम वेष्टन करते. आणि नागपूरच्या आजोबांना नातवंडे दिसायलाही हवीत. ते काम व्हिडिओ करील.

आधी एक गोष्ट. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात गाणी मुद्रित करायला आला. त्याने गौहर जान या प्रसिद्ध गायिकेला गायला बसविले. गाणे संपता संपता त्या मोठ्याने इंग्रजीत आपले नाव सांगत. त्याचे कारण असे सांगतात, की तबकड्या छापायला जात थेट आपल्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना हिंदुस्थानी गाणे कुठले कळणार? कोणत्या तबकडीवर कोणते नाव छापायचे हे त्यांना गायिकेच्या तोंडूनच समजे. म्हणजे ते शेवटचे वाक्य हेच त्या तबकडीचे पहिले वेष्टन म्हणा ना! गंमत अशी, की तबकडी ज्या लाखेपासून बनत असे ती बव्हंशी हिंदुस्थानातूनच येई. लाख तिकडून इकडे आणि गाणे होऊन परत तिकडे. (पुढे १७ ऑगस्ट १९८२ रोजी पहिल्या सीडींचे व्यापारी उत्पादन सुरू झाले, तेही हॅनोव्हरजवळच्या लांगेनहागेन येथे.)

आता आपल्या कामाकडे वळू.

गाणे कोणते घ्यावे?

वेष्टनावर जे नाव छापाल त्याची परवानगी हवी, म्हणून हा प्रश्न वेष्टनाच्याही आधी येतो. लहान गटाची आवड विचारली तर एकमताने ‘नाच रे मोरा’ येईल. हे गाणे ‘देवबाप्पा’ या १९५३ च्या चित्रपटातले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत पु. ल. देशपांडे यांचे, आवाज आशा भोसले यांचा. माडगूळकर १९७७ साली वारले. भारतीय कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतात, म्हणजे त्यांच्या शब्दांचे २०३७ अखेरपर्यंत. पु. ल. २००० साली गेले, त्यांच्या चालीचे हक्क त्याहून पुढे. जर्मनीत ही मुदत साधारणपणे ७० वर्षांची आहे. वर्गात गाणे वेगळे आणि सीडी काढून वाटणे किंवा व्हिडिओ सर्वांसाठी खुला करणे वेगळे. त्यासाठी जर्मनीत गेमा आणि भारतात आयपीआरएस या संस्था आहेत, शिवाय गाण्याला चित्र जोडायची परवानगी हक्कदारांकडून निराळी घ्यावी लागते. सहा गाण्यांसाठी एवढा पत्रव्यवहार कोण करणार? आणि ‘सगळेच करतात, कोण बघतो’ हे उत्तर मुलांसमोर देणे मला पसंत नाही. माझ्यासारखे संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे पालक या गावात बरेच आहेत. दुसऱ्याचे काम न विचारता उचलले की काय वाटते, हे त्यांना सांगायला नको.

सुदैवाने मोकळी गाणीही उत्तम आहेत. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांनी जात्यावर आणि शेतात रचलेली गाणी घरातल्यांनी टिपून ठेवली, आणि मुलगा सोपानदेव व आचार्य अत्रे यांच्यामुळे १९५२ साली ती पुस्तकरूपाने लोकांसमोर आली. दोन्ही देशांतली मुदत आता उलटून गेली आहे. बालकवी तर १९१८ सालीच गेले. भोंडल्याची गाणी आणि ओव्या कोणा एकाच्या नाहीतच. मात्र सावध! कवितेला एखाद्या संगीतकाराने दिलेली चाल ही त्याची असते. म्हणून शब्द बहिणाबाईंचे घ्यावेत आणि चाल आपण करावी. तबला-पेटी शिकणारी मुले वर्गात आहेत, त्यांना हे आव्हान आवडेल.

वेष्टन

आता सीडी कोण ऐकतो, असे मुले विचारतील. त्यांचे खरे आहे. पण आजीच्या हातात ठेवायला काहीतरी वस्तू हवी. माझे मत असे, की सीडी थोड्याच काढाव्यात आणि तेच वेष्टन नुसते घडीपत्रक म्हणूनही छापून त्यावर भ्रमणध्वनीने टिपायचा चौकोनी संकेत द्यावा. आराखडा एकच, उपयोग दोन.

मापे अशी. नेहमीच्या डबीतले पुढचे पान १२ सेंमी गुणिले १२ सेंमी. मागचा कागद १५१ मिमी रुंद आणि ११८ मिमी उंच, त्याच्या दोन्ही कडांना साडेसहा मिमीची घडी. ही घडी म्हणजे डबीचा कणा. कपाटात डबी उभी ठेवली की तेवढाच दिसतो. छापखान्यात कागद कापताना सुरी किंचित सरकते, म्हणून रंग चारी बाजूंनी ३ मिमी बाहेर न्यावा. याला इथे ‘बेश्निट’ म्हणतात. म्हणजे पुढचे चित्र १२६ मिमीचे झाले. एका इंचात ३०० ठिपके धरले तर १२६ भागिले २५.४ गुणिले ३००, म्हणजे सुमारे १४९० ठिपके. याहून लहान छायाचित्र पाठवू नये. संदेशातून आलेले फोटो दाबून लहान झालेले असतात, तेव्हा मूळ प्रतच मागून घ्यावी.

कण्यावर मराठी बसते का? ९ पॉइंटचे अक्षर ३.२ मिमीचे. पण देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून दीडपट जागा धरा : ४.८ मिमी. साडेसहात बसले! १२ पॉइंट घेतले असते तर जेमतेम मावले असते.

अक्षरांच्या बाबतीत तीन गोष्टी मुलांनी स्वतः तपासाव्यात, कारण इथल्या छापखान्यातल्या कोणालाही त्या दिसणार नाहीत. एक, रोमन अक्षरांसारखी देवनागरी अक्षरे लांब लांब पसरू नयेत. शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. दोन, मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली ती प्रमाण म्हणून ठरवून दिली. पुष्कळ टंकांत दोन्ही रूपे असतात, पण संगणकाला भाषा ‘मराठी’ अशी सांगितली तरच मराठी रूप उमटते. तीन, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला अर्धा र. त्या जागी रफार आला तर ‘दुसर्या’ होते आणि आजोबा तेच आधी पाहतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे टंक फुकट मिळतात व छापायलाही मोकळे आहेत.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे श्रेयनामावली. जर्मन शाळेत ‘जान्हवी’ची ‘यान्हवी’ होते, कारण इथे ते अक्षर ‘य’ असे वाचतात. वर्षानुवर्षे मूल तेच ऐकते आणि एक दिवस स्वतःही तसेच सांगू लागते. निदान या कागदावर तरी त्याचे नाव आईने हाक मारल्यासारखे छापलेले असावे. म्हणून प्रत्येकाने आपले नाव स्वतः देवनागरीत लिहून आणावे आणि घरी दाखवून ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्यावे. टाळ्या वाजविणाऱ्यांचीही नावे घालावीत. जागा कमी पडली तर चित्र लहान करा, नावे नव्हे.

व्हिडिओ

कॅमेरा हाती घेण्यापूर्वी गणित. केरवा आठ मात्रांचा. लय मिनिटाला १२० मात्रा असेल तर एक आवर्तन चार सेकंदांचे. तीन मिनिटांचे गाणे म्हणजे १८० सेकंद, म्हणजे ४५ आवर्तने. चौकटीच्या वहीत ४५ चौकोन आखा आणि प्रत्येकात काय दिसेल त्याचे काडीचित्र काढा. समेवर चित्र बदलले की डोळ्याला बरे वाटते. दर आवर्तनाला बदलायलाच हवे असे नाही. गाणाऱ्याचा चेहरा चांगला असेल तर तीन-चार आवर्तने तसाच राहू द्या.

युरोपात आणि भारतात विजेचे आवर्तन सेकंदाला ५० आहे. भ्रमणध्वनीचा कॅमेरा बहुधा ३० चित्रांवर लावलेला असतो, मग खोलीतले दिवे लुकलुकताना दिसतात. तो २५ वर लावा आणि झडप शक्य असल्यास एक पन्नासांश सेकंद ठेवा.

गाणे आधी मुद्रित केलेले असते, त्यावर मुले ओठ हलवितात. ध्वनिवर्धक कुठे ठेवाल? आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि एक चित्र एक पंचविसांश सेकंदाचे. म्हणजे ध्वनिवर्धक १४ मीटर दूर असला तर ओठ एक चित्र मागे पडतात. जवळ ठेवा. एक गंमतही करून पाहा. गाणे दुप्पट वेगाने लावायचे, त्यावर भराभर ओठ हलवायचे, सेकंदाला ५० चित्रे घ्यायची आणि २५ ने दाखवायची. ओठ गाण्याशी जुळतात, पण केस आणि ओढण्या सावकाश तरंगतात!

जागेसाठी दूर जायला नको. बॉबलिंगेनची दोन्ही तळी, वरचे आणि खालचे, गावाच्या मध्यावर आहेत. १९९६ साली राज्याचे उद्यान-प्रदर्शन इथेच भरले होते. झाडी हवी तर शोनबुखचे जंगल आहे. मात्र उन्हाचा हिशेब ठेवा. आपण ४८.७ अक्षांशावर, पुणे १८.५ वर. डिसेंबरच्या शेवटी इथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर येतो, पुण्यात ४८. साडेचारला अंधार. दुपारी वर्ग सुटल्यावर काढू म्हणाल तर काही मिळणार नाही, सकाळीच जावे. तिरपे ऊन चेहऱ्यावर सुरेख पडते, हा फायदा. वाटेने जाणाऱ्या अनोळखी लोकांचे चेहरे टाळावेत, आणि आपल्या प्रत्येक मुलासाठी पालकांची लेखी संमती घ्यावी. एखाद्या घराला चेहरा दाखवायचा नसेल तर त्या मुलाचे हात, पाय, पेटीवरची बोटे घ्या. त्याला वगळू नका.

खर्चिक देखावे नसले म्हणून बिघडत नाही. व्ही. शांताराम यांच्या ‘माणूस’ (१९३९) मध्ये शांता हुबळीकरांचे एक गाणे आहे. त्यात मराठीबरोबर देशातल्या आणखी भाषांचीही कडवी येतात, आणि सगळी मजा त्यांच्या हावभावांत आहे. घरी जरूर पाहा. आपल्या भोंडल्याच्या गाण्यात श्वाबी बोलीतले एक कडवे तुम्हीच रचून घातले तर?

घरचा अभ्यास
१. तुमचे गाणे दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांत असून लय मिनिटाला ९० मात्रा आहे. अडीच मिनिटांत किती आवर्तने होतील? तितके चौकोन आखून आणा.
२. स्वतःचे पूर्ण नाव देवनागरीत, ९ पॉइंटच्या मापात, साडेसहा मिमीच्या पट्टीवर लिहून पाहा.
३. आजी-आजोबांना फोन करून त्यांच्या गावची एखादी ओवी किंवा भोंडल्याचे गाणे विचारा. ते कोणाकडून शिकले, तेही लिहून आणा. श्रेयनामावलीत ते नाव लागेल.