त्रास न देणारं पोर

शाळेतून तक्रारी यायच्या थांबल्या की आईवडिलांना हायसं वाटतं. मूल ॲस्पर्जरचं असेल तर मी म्हणेन, तेव्हाच जास्त लक्ष घाला. सहावीत बाकाखाली लपणारा, कान झाकून ओरडणारा मुलगा नववीत एकदम शहाण्यासारखा 'हो सर, नाही सर' करू लागतो. बहुतेक वेळा तो सुधारलेला नसतो. दिवसभर वठवायची एक भूमिका त्याने पाठ केलेली असते आणि तिची किंमत तो रोज संध्याकाळी घरी मोजत असतो. मी ते पोर होतो, म्हणून सांगतो.

आधी नावाचा घोळ उरकून घेऊ. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्जर यांनी १९४४ मध्ये अशा मुलांविषयी जर्मनमध्ये लिहिलं. १९८१ मध्ये ब्रिटनच्या लॉर्ना विंग यांनी त्यांचं नाव देऊन ही लक्षणं इंग्रजीत मांडली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत १९९४ मध्ये हे वेगळं निदान म्हणून आलं आणि २०१३ च्या आवृत्तीतून गेलंही; आता सगळं 'ऑटिझम स्पेक्ट्रम' या एकाच छत्रीखाली. २०१८ मध्ये इतिहासकार हेरविग चेख यांनी कागदपत्रांनिशी दाखवलं, की नाझी राजवटीत ज्या संस्थेत अपंग मुलांना मारलं जात होतं, तिथे खुद्द ॲस्पर्जर यांनीही मुलं पाठवली होती. तेव्हापासून पुष्कळांनी हे नाव टाकलं. माझ्या फाइलवर जुनंच नाव आहे, घरात तेच रुळलंय, म्हणून इथेही तेच लिहितो. मात्र सरकारी अर्जावर या नावाचा आग्रह धरू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत 'ऑटिझम स्पेक्ट्रम', म्हणजे स्वमग्नता आहे, ॲस्पर्जर नाही.

नातेवाइकांना मात्र यातलं काहीच सांगावं लागलं नाही. 'माय नेम इज खान' येऊन गेला होता. "म्हणजे त्या शाहरुखसारखं का?" एवढं विचारून सगळे मोकळे झाले.

आता मुद्द्याचं. सातवीपर्यंत मैत्री म्हणजे खेळ. खेळाला नियम असतात आणि नियम मला तोंडपाठ, म्हणून मुलं मला अंपायर करायची. आठवीत कुणी काही न सांगता खेळ थांबला. मुलं सायकल स्टँडवर नुसती उभी राहून बोलायला लागली. कशावर बोलायचं, कधी हसायचं, कुणाच्या नावाने चिडवलेलं चालतं आणि कुणाच्या नाही, हे त्यांना कुठून कळत होतं ते मला आजतागायत समजलेलं नाही. मी बोलायचो पुस्तकी. "मला असे वाटते की" अशी सुरुवात करून पूर्णविरामापर्यंत जायचो. नाव पडलं 'आकाशवाणी'. मी दिसलो की एकजण नाक दाबून "सादर करीत आहोत" म्हणायचा आणि बाकीचे हसायचे. ते माझ्यावर हसतात हे कळायला फार काळ गेला, कारण आकाशवाणी मला मनापासून आवडायची.

कळल्यावर मी अभ्यासाला लागलो. वर्गात सगळ्यांना आवडणारा एक मुलगा होता, तो माझा धडा. तो खांद्यावर हात कसा टाकतो, "काय भावा" कुठल्या सुरात म्हणतो, हे मी घरी आरशासमोर गिरवलं. डोळ्यांत बघवत नसे म्हणून समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघायचं. विनोदावर मनात दोन अंक मोजून हसायचं, म्हणजे सगळ्यांबरोबर हसल्यासारखं दिसतं. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर शेरा आला : 'वर्तनात समाधानकारक सुधारणा.' आईने पेढे आणले.

त्याच दिवसांत घरी काय चाललं होतं ते फक्त आईला ठाऊक. आल्यावर मी दप्तर टाकून कपाट आणि भिंत यांच्या फटीत जाऊन बसायचो. कुणी काही विचारलं तर तोंडातून शब्द फुटायचा नाही. स्वयंपाकघरात झाकण पडलं तरी अंगावर वीज पडल्यासारखं व्हायचं. मग आरडाओरडा, कधी भिंतीवर डोकं. मावशीचं मत ठरलेलं : "शाळेत बरा सरळ वागतो, घरीच नाटकं. तूच लाडावून ठेवलंयस." नाटक शाळेत चालायचं, घरी पडदा पडायचा, हे सांगायला तेव्हा माझ्याजवळ शब्द नव्हते.

अशा वेळी काय करावं? शाळेतून आल्यावर तासभर त्याला काही विचारू नका. डबा संपवला का, गृहपाठ काय, सर काय म्हणाले, काहीही नाही. खायला समोर ठेवा आणि खोलीतला उजेड कमी करा. माझी शाळा सुटली की लगेच ट्यूशन असायची. आईने भांडून ती सकाळी करून घेतली, आणि त्या एका बदलाने जेवढं झालं तेवढं नंतरच्या कुठल्याही औषधाने झालं नाही.

हट्ट आणि असा उद्रेक यांतला फरकही ओळखता यायला हवा. हट्ट करणारं पोर अधूनमधून तुमच्याकडे बघतं, आणि हवं ते मिळालं की थांबतं. उद्रेकातल्या पोराला काहीच नको असतं, आणि त्याला थांबताही येत नाही. तेव्हा समजावणं, रागावणं, मांडीवर घेणं, सगळं भर घालणारं. दिवा मालवा, माणसं बाहेर काढा, जवळ बसा आणि गप्प राहा. गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत डीजेसमोर हा प्रसंग येणारच हे धरून चाला. कानात घालायचे बोळे खिशात असू द्या, आणि बाहेर पडायची वाट आधीच दाखवून ठेवा. "सगळ्यांची पोरं नाचतात" हे वाक्य घरातून हद्दपार केलं तर उत्तम.

मुलींचं आणखी अवघड. त्या अशी भूमिका फार लवकर आणि फार सफाईने शिकतात. वरून 'लाजाळू, गुणी' म्हणून त्यांचं कौतुक होतं आणि निदान वर्षानुवर्षं रखडतं.

आता ज्यावर कुणी लिहीत नाही ते. दहावीत मला दोन मुलांनी सांगितलं, अमुक मुलीला तुझ्याशी बोलायचंय, पण ती लाजते. तू रोज तिच्या क्लासबाहेर थांब. मी थांबलो. पावसात छत्री घेऊन थांबलो, वेळेवर, रोज. ती पुढे चालायला लागली की मी ठरावीक अंतर ठेवून मागे, कारण सिनेमात तसंच असतं. ती घाबरली, तिच्या घरचे शाळेत आले, बाबांना बोलावणं गेलं. बाबांनी तिथेच माझ्या कानाखाली दिली. थांबायला सांगणारी मुलं खिडकीतून बघत होती. मला शिक्षा कळली. गुन्हा काय तो मात्र कुणी सांगितलाच नाही, कारण 'एवढं तर कळतंच ना!'

कळत नाही. आपलं निम्मं बोलणं आडवळणाने चालतं. 'बघू' म्हणजे नाही, 'या एकदा घरी' म्हणजे येऊ नका, 'निघतो आता' म्हणजे अजून अर्धा तास दारात. ज्याला हे उलगडत नाही त्याला मुलीच्या गप्प राहण्यातला नकार कुठून दिसणार? म्हणून वयात येणाऱ्या मुलाला नियम सरळ शब्दांत सांगा, न लाजता. उत्तर आलं नाही, तर तो नकार. एकदा नकार आला की पुन्हा विचारायचं नाही. कुणाच्या मागे चालायचं नाही. कुणाचाही, स्वतःचासुद्धा, उघडा फोटो मागायचा नाही, पाठवायचा नाही. अठराच्या आतल्या मुलांसाठी पोक्सो कायदा आहे आणि 'मित्रांनी सांगितलं होतं' ही सबब तिथे चालत नाही. दाढी, घाम, अंतर्वस्त्रं रोज बदलणं, शरीराचं काय खाजगीत करायचं आणि काय चारचौघांत नाही, हेही तसंच सांगा. ही कामं बाबांनी केली तर बरं. माझ्या बाबांनी त्या प्रसंगानंतर केली. कागदावर क्रमांक घालून लिहून दिलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. तो कागद मला फार उपयोगी पडला.

मित्र खरा की कामापुरता, हे ओळखायची माझी एक ढोबळ रीत आहे, पोरांनो, ती तुमच्यासाठी. जर्नल पूर्ण करून हवं असतं, वडापावचे पैसे द्यायचे असतात, तेव्हा बोलावणं येतं. बाकी वेळी येतं का? आणि कुणी 'जा, असं करून ये, मजा येईल' म्हणालं, तर त्याला आधी करायला सांगा.

माझं नशीब थोर म्हणून एक ठिकाण मला मिळालं जिथे काहीच वठवावं लागत नसे : एसटी स्टँड. मला गाड्यांचं वेड. पाटीवर एमएच १४ दिसलं की दापोडीच्या कार्यशाळेतली, एमएच २० म्हणजे चिकलठाण्याची, एमएच ४० म्हणजे नागपूरजवळच्या हिंगण्याची, हे मी वहीत उतरवत बसायचो. गुण घसरले तेव्हा बाबांनी ती वही कपाटात कुलूपबंद केली. असं कृपा करून करू नका. बाहेरचं सगळं कोसळत असताना मुलाचा एकच खांब उभा असतो, तो तरी राहू द्या. वही गेली तरी मी स्टँडवर जातच राहिलो. तिथल्या वाहतूक नियंत्रकांनी एक दिवस हाक मारली, "ए बाळ, काय मोजतोस रे?" मी सांगितलं. त्यांनी हसण्याऐवजी मला चुकीचं काय ते दाखवलं : गाडी कुठल्या डेपोची ते पाटीवरून ठरत नाही, खाली लिहिलेलं बघायचं. मग केबिनमध्ये स्टूल दिलं. ते लाउडस्पीकरवर घोषणा करायचे, मी कुठली गाडी किती उशिरा आली ते लिहायचो. तिथे कुणी 'आकाशवाणी' म्हटलं नाही. पुस्तकी बोलण्याची तिथे सोयच होती; पुढे कधी कधी ते मलाच माइक द्यायचे.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्हीकडून असतं. आम्हाला तुम्ही कळत नाही तसे तुम्हाला आम्ही. मला हे त्या केबिनमध्ये पटलं होतं.

अकरावी हा वेगळाच घाट. चाळीस-पन्नास ओळखीच्या मुलांतून उचलून शंभरावर अनोळखींत टाकतात. ठरलेला बाक नाही, प्रॅक्टिकलच्या बॅचेस रोज वेगळ्या. माझी भूमिका तिथे पहिल्या सत्रातच कोलमडली. कॉलेजला जाणं थांबलं, जेवण थांबलं, जगायचं कशाला असं वाटायला लागलं. तेव्हा कुठे पुण्यात नीट तपासणी झाली. त्याआधी दाखवलेल्या एका डॉक्टरांनी "गुण तर उत्तम आहेत, काही झालेलं नाही, मोठा झाला की लाजरेपणा जाईल" म्हणून परत पाठवलं होतं. या मुलांमध्ये चिंता आणि नैराश्य बऱ्याचदा दिसतं. मरणाची भाषा आली तर ती धमकी समजू नका. मनोविकारतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात न्या. रात्री-अपरात्री 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चालतो. आणि ऑटिझम 'बरा' करून देतो, त्यासाठी स्टेम सेल टोचतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागून शेत विकू नका. ऑटिझमवर ती मान्य उपचारपद्धती नाही.

प्रवेश पक्का झाला की वर्ग सुरू होण्याआधी मुलाला रिकामं कॉलेज दाखवून आणा. स्वच्छतागृह कुठे, शांत कोपरा कुठे, ग्रंथालयात कधी बसता येतं, हे त्याला आधी माहीत असू द्या. दहावी-बारावीच्या परीक्षेला दर तासामागे २० मिनिटं जादा, गरज असल्यास लेखनिक, अशा सवलती मिळतात. पण अर्ज शाळेमार्फत वेळेत जावा लागतो, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हातात असावं लागतं आणि ते मिळायला महिने जातात. नववीतच सुरुवात करा. कायद्यातल्या बहुतेक सवलती ४० टक्के अपंगत्वाला जोडलेल्या आहेत, आणि चांगले गुण मिळवणारी, नीट बोलणारी मुलं नेमकी तिथे अडतात. तपासणीला जाताना घरातल्या उद्रेकांची, न झोपलेल्या रात्रींची, एकट्याने न जमणाऱ्या कामांची नोंदवही घेऊन जा. त्या अर्ध्या तासात मूल भुवयांच्या मधे बघून छान बोलेल, आणि समोरचे म्हणतील, याला काय झालंय?

शिक्षकांना जाडजूड अहवाल देऊ नका, कुणी वाचत नाही. माझ्या आईने बारावीच्या वर्गशिक्षिकेला एकच पान दिलं होतं. त्यात लिहिलं होतं, की ट्यूबलाइटचा आवाज याला त्रास देतो, खिडकीजवळ बसवा. अचानक फळ्यासमोर उभं करू नका. उत्तर लिहून मागा. गटाचं काम असेल तर गट तुम्ही ठरवा, मुलांवर सोडू नका. गप्प झाला तर विचारू नका, बाहेर जाऊ द्या, दहा मिनिटांत परत येतो. बाईंनी ते हजेरीपटात ठेवलं आणि त्याप्रमाणे वागल्या. दुसऱ्या सत्रात बाई बदलल्या तेव्हा कागद त्यांच्याबरोबर गेला, म्हणून आईने नव्या सरांना दुसरी प्रत दिली. प्रती जास्तच काढून ठेवा. प्रयोगशाळेच्या सरांना आणि ग्रंथपालांनाही एकेक लागते.