बुरशी धरलेले दाणे कोंबड्यांना घालू नका



पावसात भिजलेला मका किंवा कुबट वास येणारी शेंगदाण्याची पेंड दिसली की "टाकून कशाला द्यायची, कोंबड्यांना घालू" असे आपण सहज म्हणतो. ही काटकसर फार महाग पडते.

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिले काही महिन्यांत मेली. कारण कळेना, म्हणून त्या रोगाला 'टर्की एक्स' असे नाव पडले. शोध घेता दोष ब्राझीलहून आणलेल्या शेंगदाणा पेंडीत सापडला. पेंडीवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढून तिने विष तयार केले होते. बुरशीच्या नावावरूनच त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात.

हे विष यकृतावर, म्हणजे काळजावर घाला घालते. बदकांना व टर्कीच्या पिलांना ते लवकर बाधते. कोंबडी त्या मानाने टिकाव धरते, आणि म्हणूनच मालक गाफील राहतो. मर एकदम होत नाही. पक्षी खाणे कमी करतात, वाढ खुंटते, तुरा फिका पडतो, अंडी घटतात. मेलेली कोंबडी कापून पाहिली तर काळीज सुजलेले, पिवळट व ठिसूळ दिसते. शिवाय अंगची रोगप्रतिकारक शक्ती खचते. त्यामुळे राणीखेतची लस वेळेवर देऊनही ती नीट लागू पडत नाही. आपण लसीला दोष देतो, पण दोष पोत्यात असतो.

दाणे धुतले, वाळवले किंवा शिजवले तरी हे विष पुरते जात नाही. बुरशी मरते, विष मागे राहते. डोळ्यांना बुरशी दिसली नाही तरी विष असू शकते. त्यावर नेमके औषधही नाही. शंका येताच ते खाद्य बंद करावे, चांगले खाद्य सुरू करावे व पशुवैद्यांना दाखवावे.

तेव्हा खरा उपाय कोरडेपणाचा. तो असा:

१. मका चांगला वाळवूनच साठवा. कोरड्या बाटलीत थोडे दाणे व कोरडे मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटले तर दाणे ओले आहेत. चिकटले नाही तरी साठवणीपूर्वी आणखी एक-दोन उन्हे द्या.

२. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा.

३. फुटके, किडके दाणे निवडून काढा. बुरशी त्यांनाच आधी धरते.

४. पावसाळ्यात तयार खाद्य थोडे थोडेच आणा. खाद्याची भांडी रोज झाडून कोरडी करा.

५. खराब दाणे चांगल्यांत मिसळू नका. ते गाईम्हशींनाही घालू नका. विषाचा अंश दुधात उतरतो.

हा प्रश्न केवळ कोंबड्यांचा नाही. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा जिल्ह्यांत अवेळी पावसाने भिजून बुरशी धरलेला मका खाल्ल्याने १०० हून अधिक माणसे काविळीने दगावली. तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. जो दाणा आपल्या ताटात नको, तो कोंबडीच्या भांड्यातही नको.