एकाच क्षणी

मुलांनो, मालेगाव आणि भिवंडीच्या गल्ल्यांत यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालू असतो. तो एकदम थांबला की समजावे, वीज गेली. माग थांबला की कारागिराची मजुरीही थांबते. बहुतेक वेळा दोष जवळच्या ट्रान्सफॉर्मरचा किंवा तारेचा असतो. तो दुरुस्त झाला की माग पुन्हा सुरू होतो. परंतु कधी कधी एखादा संपूर्ण प्रदेशच अंधारात बुडतो. असे का होते, याचा शोध काही प्राध्यापकांनी लावला. त्याची ही माहिती आहे.

वीजकेंद्रे एकेकटी नसतात. शेकडो केंद्रे, उपकेंद्रे व वाहिन्या मिळून एक मोठे जाळे बनते. या जाळ्यातील वीज एका दिशेने वाहत नाही. ती झोपाळ्याप्रमाणे मागेपुढे होते. आपल्या देशात ती सेकंदाला ५० आवर्तने करते, अमेरिकेत ६०.

आता दोन झोपाळे शेजारी आहेत अशी कल्पना करा. त्यांना एका रबरी दोराने जोडले आहे. दोन्ही झोपाळे बरोबर झुलत असतील तर दोरावर ताण येत नाही. एक थोडा पुढे गेला की दोर ताणला जातो. फारच पुढे गेला तर दोर तुटतो. विजेच्या जाळ्यातही असेच घडते. दोन ठिकाणच्या विजेत जो पुढे-मागेपणा असतो, त्याला अभियंते 'कोनातील फरक' म्हणतात. हा फरक जितका वाढतो, तितका वाहिन्यांवरचा ताण वाढतो. एक वाहिनी बंद पडली की तिचा भार इतर वाहिन्यांवर जातो, मग त्याही एकामागून एक बंद पडतात.

तेव्हा हा कोन मोजला म्हणजे झाले, असे तुम्हांला वाटेल. खरी अडचण तिथेच होती. दोन झोपाळ्यांत कोण पुढे आहे हे सांगायचे, तर दोघांचे छायाचित्र एकाच क्षणी घेतले पाहिजे. झोपाळे शेजारी असतील तर हे सोपे आहे. पण एक झोपाळा मुंबईत आणि दुसरा नागपुरात असेल तर? दोन्हीकडची घड्याळे तंतोतंत जुळली पाहिजेत. रमजानमध्ये दोन घरांच्या घड्याळांत एका मिनिटाचा फरक असला तरी इफ्तारच्या वेळी किती वाद होतो, हे तुम्ही पाहिलेच असेल! इथे तर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंतची अचूकता हवी होती.

हे कोडे डॉ. अरुण फडके यांनी सोडवले. ते खरगपूरच्या आय.आय.टी.त शिकले व पुढे अमेरिकेत गेले. १९७० नंतरच्या दशकात ते एका वीज कंपनीत होते. वाहिनीतील बिघाड संगणकाने ओळखावा, असा त्यांचा प्रयत्न चालू होता. त्या काळचे संगणक फार मंद असत. म्हणून थोड्या गणितात काम भागेल अशी रीत शोधावी लागली. त्या रीतीने बिघाड तर ओळखता आलाच, शिवाय विजेचा कोनही अचूक मिळू लागला. मला या हकिगतीतला हा भाग सर्वांत आवडतो. संगणक वेगवान असते, तर कदाचित ही वाट सापडलीच नसती.

पुढे डॉ. फडके व्हर्जिनिया टेक विद्यापीठात प्राध्यापक झाले. घड्याळे जुळवण्यासाठी त्यांनी आकाशाकडे पाहिले. अमेरिकेच्या सैन्याने जी.पी.एस. उपग्रह सोडण्यास सुरुवात केली होती. हे उपग्रह रस्ता दाखवतात, तसेच अचूक वेळही सांगतात. हीच वेळ प्रत्येक उपकेंद्रात घेतली तर? कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स थॉर्प यांच्या साथीने व विद्यार्थ्यांच्या मदतीने १९८८ मध्ये असे यंत्र तयार झाले. 'फेझर मापन यंत्र' हे त्याचे नाव. अभियंते त्याला पी.एम.यू. म्हणतात. नियंत्रण कक्षातील जुन्या व्यवस्थेत दर काही सेकंदांनी आकडे येत. हे यंत्र एका सेकंदात तीस किंवा त्याहून अधिक वेळा माप पाठवू शकते.

तरीही बरीच वर्षे ही यंत्रे मोजक्याच ठिकाणी बसवली गेली. मग १४ ऑगस्ट २००३ चा दिवस उजाडला. दुपारी तीननंतर अमेरिकेच्या ओहायो राज्यात मोठ्या वाहिन्या तापून खाली झुकल्या. त्या झाडांना टेकल्या व बंद पडल्या. नियंत्रण कक्षातील धोक्याची सूचना देणारी व्यवस्थाच बिघडली होती. त्यामुळे तिथल्या कर्मचाऱ्यांना काही कळले नाही. चारच्या सुमारास काही मिनिटांत २६५ वीजकेंद्रे थांबली. अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्या जागीच उभ्या राहिल्या.

चौकशी सुरू झाली. ठिकठिकाणच्या यंत्रांत हजारो नोंदी होत्या, पण त्यांतील अनेक यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळत नव्हती. आधी काय बंद पडले व नंतर काय, हा क्रम लावण्यातच तज्ज्ञांचा फार वेळ गेला. गणित मांडल्यावर दिसले की क्लीव्हलँड शहर व मिशिगन राज्याचा पश्चिम भाग यांच्यातील कोन तासभर वाढत होता. तो पाहायला कोणी नव्हते. यानंतर मात्र अमेरिकेत अशी हजाराहून अधिक यंत्रे बसली. २००८ मध्ये फडके व थॉर्प यांना फ्रँकलिन पदक मिळाले.

आपल्या देशानेही असा अनुभव घेतला आहे. ३० जुलै २०१२ रोजी पहाटेपूर्वी उत्तरेचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही जाळी कोसळली. सुमारे ६० कोटी लोकांना झळ पोहोचली. रेल्वेगाड्या अडकल्या. पश्चिम बंगालमध्ये कोळशाच्या खाणींत कामगार अडकून पडले, त्यांना नंतर सुखरूप बाहेर काढण्यात आले. महाराष्ट्र ज्या पश्चिम जाळ्यात आहे, ते मात्र टिकले. उत्तरेत थोडी फेझर यंत्रे आधीच बसवलेली होती. त्यांच्या नोंदी चौकशीत उपयोगी पडल्या. पुढे देशभर ही यंत्रे बसवण्याचा मोठा प्रकल्प हाती घेण्यात आला.

एक गोष्ट ध्यानात घ्या. हे यंत्र फक्त पाहते आणि सांगते. धोका दिसल्यावर भार कमी करायचा की वाहिनी तोडायची, हे नियंत्रण कक्षातील माणसाला किंवा दुसऱ्या यंत्राला ठरवावे लागते.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही वाहिनी जोडली गेली. तोपर्यंत दक्षिणेचे जाळे आपल्या स्वतंत्र तालावर चालत असे. त्या दिवसापासून सोलापूरच्या चादरीचा माग, केरळातील पंखा आणि काश्मीरमधील दिवा एकाच तालावर चालू लागले.

शब्दार्थ
आवर्तन – एक पूर्ण फेरा. वाहिनी – वीज नेणारी मोठी तार. तंतोतंत – अगदी अचूक. कोडे – पहेली. झळ पोहोचणे – त्रास होणे.

स्वाध्याय
१. दोन झोपाळ्यांच्या उदाहरणातील रबरी दोर म्हणजे काय?
२. २००३ च्या चौकशीत तज्ज्ञांचा वेळ कशामुळे गेला?
३. तुमच्या घरातील सर्व घड्याळांतील वेळ एकाच क्षणी लिहून घ्या. हे काम एकट्याने करता येते का, ते पाहा व चार-पाच वाक्यांत लिहा.