चित्रफितीतील रंगांची परीक्षा

पाठाची चित्रफीत तयार करताना केवळ डोळ्यांवर विसंबणे इष्ट नव्हे. पिवळ्या दिव्याखाली काही वेळ बसल्यास डोळा त्या प्रकाशास सरावतो व कागद पांढराच भासतो. कॅमेरा मात्र तो पिवळा टिपतो. हा दोष व्हेक्टरस्कोप दाखवितो. चित्रफितीच्या संकलनासाठी असलेल्या अनेक संगणकप्रणालींत हे साधन असते.

व्हेक्टरस्कोप म्हणजे एक वर्तुळ. केंद्रापासूनची दिशा रंग दर्शविते. अंतर रंगाची तीव्रता दर्शविते. पांढरा, करडा व काळा हे केंद्रस्थानी येतात. भोवती तांबडा, किरमिजी, निळा, आकाशी, हिरवा व पिवळा यांच्या ६ चौकटी असतात.

कृती :
(१) चित्रीकरणाच्या आरंभी मुलाच्या चेहऱ्याजवळ, त्याच प्रकाशात, पांढरा कागद धरावा. संकलन करताना तेवढाच भाग वाढवून पाहावा. ठिपका पिवळ्याकडे झुकल्यास समोरच्या निळ्याची भर घालून तो केंद्रावर आणावा.
(२) तदनंतर कपाळाचा भाग पाहावा. तो तांबडा व पिवळा यांमधील त्वचारेषेजवळ यावा.
(३) आकृती चौकटींबाहेर गेल्यास रंगाची तीव्रता कमी करावी.

सूचना : गोऱ्या व सावळ्या मुलांची त्वचारेषा जवळजवळ एकच असते. भेद मुख्यतः उजळपणाचा असतो, व उजळपणा व्हेक्टरस्कोप दाखवीतच नाही. म्हणून रेषा साधल्यावर सावळा चेहरा अधिक उजळ करण्याचा मोह टाळावा. पडद्यावर स्वतःला पाहणाऱ्या मुलास आपला रंग हा दोष वाटू नये, याची जबाबदारी शिक्षकावर आहे.