शेतावरील लाकडी घर आणि बांधकामाची परवानगी

अवजारांसाठी खोपी, गुरांसाठी गोठा, कोकणात बागेच्या राखणीसाठी मांगर, ही बांधकामे आपल्या शेतीची जुनी अंगे होत. अलीकडे त्यांत लाकडी घराची भर पडली आहे. तासलेले ओंडके व फळ्या तयार आणून असे घर थोड्या दिवसांत उभे करता येते. त्यास पक्का पाया नसतो, म्हणून परवानगीही लागत नाही, असे अनेक शेतकरी बंधू समजतात. ही समजूत चुकीची आहे. इमारत दगडाची, पत्र्याची की लाकडाची, यास कायद्यात फारसे महत्त्व नाही; ती कोणत्या उपयोगासाठी आणि कोठे उभी आहे, हे पाहिले जाते.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यात शेती-इमारतीची व्याख्या दिलेली आहे. अवजारे, खत वा वैरण साठविणे, शेतमाल साठविणे, गुरांना निवारा देणे, शेतधारकाचे कुटुंब, नोकर अथवा कुळे यांनी राहणे, आणि कसणुकीच्या व्यवस्थेचाच भाग असलेले अन्य काम, एवढेच हेतू तीत येतात. कलम ४१ अन्वये शेती अधिक चांगली व्हावी म्हणून अशी इमारत बांधण्याचा, तसेच विहीर वा तळे खोदण्याचा, हक्क शेतधारकास आहे. पाहुण्यांना भाड्याने द्यावयाचे घर मात्र या व्याख्येत बसत नाही.

मावळ भागातील एका बागाईतदारांनी अवजारांसाठी म्हणून एक लाकडी खोली उभारली. ती सुबक झाली, शहरातील मंडळी विचारू लागली, तेव्हा कर्ज काढून तशाच आणखी दोन उभारल्या व शनिवार-रविवार भाड्याने दिल्या. पुढे नोटीस आली. "जमिनीत एक वीटसुद्धा पुरलेली नाही, साहेब," असे ते मला सांगत होते. ते खरे होते, परंतु प्रश्न विटेचा नव्हता. खोल्या कुलूपबंद झाल्या आणि हप्ते चालू राहिले. ज्यांना हा व्यवसाय करावयाचा आहे त्यांनी तो जरूर करावा. राज्याचे कृषि पर्यटन धोरण २०२० पासून आहेच. पण त्याची नोंदणी व बांधकामाची परवानगी यांची चौकशी आधी करावी, लाकूड मागाहून आणावे.

आता मापांकडे वळू. महानगरपालिका व नगरपरिषदा यांच्या हद्दी, त्यांच्या लगतचे ठरावीक अंतरातील क्षेत्र आणि प्रादेशिक योजनेखालील क्षेत्र येथे शेती-इमारत नव्याने बांधण्यापूर्वी किंवा जुनीत फेरफार करण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. राहण्याच्या घरासाठी धारणा ०.४ हेक्टरपेक्षा, म्हणजे सुमारे एक एकरापेक्षा, कमी असता कामा नये. धारणा ०.४ ते ०.६ हेक्टर असल्यास जोत्याचे क्षेत्र १५० चौरस मीटर आणि त्याहून मोठी असल्यास ४०० चौरस मीटर, ही मर्यादा आहे. उंची जोत्यापासून ५ मीटरच्या आत हवी व इमारत तळमजल्याचीच हवी. लाकडी घरांच्या आकर्षक नमुन्यांत बहुधा वर एक माडी असते. ती येथे चालत नाही.

मर्यादेत जुन्या व नव्या सर्व इमारतींची जोती एकत्र धरतात. येथेच हिशेब चुकतो. समजा, धारणा अर्ध्या हेक्टरची आहे. जुना गोठा ८ मीटर लांब व ६ मीटर रुंद, म्हणजे ४८ चौरस मीटर; कोठार ५ बाय ४, म्हणजे २०. एकूण ६८ झाले, उरले ८२. घर ९ बाय ८, म्हणजे ७२ चौरस मीटरचे बांधले तर ते बसते. पण पुढे त्याच जोत्यावर दोन मीटरची पडवी काढली की आणखी १८ वाढतात आणि एकूण बेरीज १५८ होते. तेव्हा एक तर पडवी एका मीटरची करावी, नाही तर घर आखडते घ्यावे.

लाकूड स्वतःच्या शेतातील असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळावी. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, खैर यांसारखी झाडे आहेत. ती आपल्याच बांधावर वाढलेली असली तरी वृक्ष अधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून तोडता येत नाहीत. तोडलेला माल गिरणीत नेण्यापूर्वी वाहतूक परवान्याची चौकशी वन खात्याकडे करावी.

अर्जाबरोबर सातबाराचा उतारा व जागेचा नकाशा द्यावा. नकाशात विहीर, रस्ता, शेजाऱ्याची हद्द आणि उभी असलेली प्रत्येक इमारत मापांसह दाखवावी. जुना गोठा वगळण्याचा मोह काहींना होतो. पाहणीस येणाऱ्या अधिकाऱ्यास तो बांधावरूनच दिसतो.