सकाळची गोळी आणि तिची मात्रा



लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीसोबतच्या माहितीपत्रकात धडधड, हातांना कंप, घाम, निद्रानाश, केस गळणे अशी जी लांबलचक यादी छापलेली असते, ती वाचून मन धास्तावणे स्वाभाविक असले, तरी त्या यादीचा अर्थ नीट लावल्याशिवाय गोळी बंद करण्याचा विचारही मनात आणू नये. बहुतेक औषधे शरीराला परकी असतात. ही गोळी तशी नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूस असलेली फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, जे थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते, ग्रंथी मंदावली की कमी पडणारे तेच संप्रेरक कृत्रिम रीतीने घडवून या गोळीत घातलेले असते. संप्रेरक म्हणजे एका ग्रंथीत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवांच्या कामाचे नियमन करणारे द्रव्य. १९१४ साली एडवर्ड केंडल या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने थायरॉक्सिन ग्रंथीतून शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि १९२७ साली ब्रिटनमध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. त्याआधी, १८९१पासून, मेंढीच्या ग्रंथीच्या अर्कावर रुग्ण जगवले जात होते. शरीरात जे असायलाच हवे तेच बाहेरून भरून दिले जात असल्यामुळे, ज्याला ‘दुष्परिणाम’ म्हटले जाते तो बहुतांशी मात्रा जास्त झाल्याचा परिणाम असतो, आणि म्हणून त्यावरचा उपाय गोळी सोडणे हा नसून मात्रा तपासून घेणे हा आहे.

मात्रा जास्त झाली की सारे शरीर गरजेपेक्षा वेगाने चालू लागते: छातीत धडधडते, बोटे थरथरतात, उकाडा सोसवत नाही, शौचास वारंवार व पातळ होते, पाळीचे चक्र बिघडते, वजन उतरते आणि अंग थकलेले असूनही झोप लागत नाही. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावर अंगठ्याच्या बाजूस दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी आणि आकडा तारखेसह वहीत लिहावा. ‘हल्ली धडधडते’ या मोघम तक्रारीपेक्षा अशा पंधरा दिवसांच्या नोंदी डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगून जातात. मात्र छातीत दुखणे, श्वास लागणे, नाडी अनियमित पडणे, किंवा अंगावर पुरळ येऊन चेहरा सुजणे यांपैकी काहीही झाल्यास नोंदी करत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे. वर्षानुवर्षे जास्त मात्रा चालू राहिल्यास हृदयाचा ताल बिघडण्याचा आणि, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो. म्हणूनच वजन घटवण्यासाठी मनानेच गोळी वाढवणाऱ्यांचा कित्ता कोणीही गिरवू नये. केस गळण्याचे तेवढे निराळे आहे: ते थायरॉइड मंदावल्यानेही गळतात आणि उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांतही गळतात, पण हे दुसरे गळणे बहुधा तात्पुरते असते.

मात्रा बरोबर असूनही त्रास होतो तेव्हा घरातली सकाळ तपासून पाहावी. शंभर मायक्रोग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष औषध असते एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग, बाकी सारा भराव. एवढ्याशा औषधातले किती रक्तात उतरेल हे पोटात आणखी काय आहे यावर ठरते. मराठी घरात डोळे उघडताच चहाचे आधण चढते, आणि चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळली की तिचा काही भाग वायाच जातो. ती रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने करावा. लोहाची व कॅल्शियमची गोळी तिच्यापासून निदान चार तास दूर ठेवावी. सकाळी हे जमत नसेल, तर डॉक्टरांना विचारून रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, पण वेळ एकच ठरवावी. एखादे दिवशी चहाबरोबर, एखादे दिवशी उपाशीपोटी असा धरसोडपणा केला, तर रक्तातले प्रमाण वरखाली होत राहते आणि दोष मात्र गोळीला लागतो. कंपनी बदलल्यासही काही फरक पडू शकतो. औषधविक्रेत्याने दुसरी बाटली दिल्यास तिच्यावरचा मायक्रोग्रॅमचा आकडा आधी वाचावा आणि डॉक्टरांना बदल कळवावा.

तपासणीविषयी एक घोटाळा नेहमी होतो. टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे, थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक आहे. थायरॉक्सिन कमी पडले की ते वाढते आणि जास्त झाले की घटते, म्हणून टीएसएचचा आकडा फार खाली गेला तर तो आनंदाचा नव्हे, मात्रा जास्त होत असल्याचा इशारा समजावा. थायरॉक्सिन रक्तातून निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे मात्रा बदलल्यावर खरा आकडा सहा ते आठ आठवड्यांनीच कळतो, आणि मात्रा कमी केली तरी धडधड दुसऱ्या दिवशी थांबत नाही. याच कारणाने एखादे दिवशी गोळी चुकल्यास घाबरण्याचे कारण नसते. त्याच दिवशी आठवल्यास पोट रिकामे असताना घ्यावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी नेहमीचीच घ्यावी, मनाने दुप्पट करू नये. रक्त देण्याच्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. केसांसाठी म्हणून बायोटिन चालू असेल, तर ते निदान दोन दिवस आधी थांबवावे, कारण त्याने काही चाचण्यांचे आकडे फसवे येतात आणि बरोबर असलेली मात्राही उगाच कमी केली जाण्याची भीती असते.

पुढे दिवस राहिल्याचे कळेल तेव्हा एवढ्याशा गोळीचा बाळावर काय परिणाम होईल या भयाने ती मुळीच थांबवू नये. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते आणि त्या काळात बहुतेक स्त्रियांना मात्रा पाव ते निम्म्याने वाढवावी लागते. म्हणून पुढच्या नेमून दिलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे आणि नाडीची वही बरोबर न्यावी.